रिवकाताईंचा आठवा कागद

माझ्या बायकोला, शोशानाला, हात आवरता येत नाही. तीस वर्षं ती तैलरंगात चित्रं काढत आली, आणि तैलरंगात हे खपून जातं. नाक चुकलं तर खरवडायचं, वर दुसरं चढवायचं. गेल्या वर्षी डॉक्टरांनी टर्पेंटाइनच्या वासाला बंदी घातली आणि बाईसाहेब या वयात जलरंग शिकायला खांदा कॉलनीत नीताच्या क्लासला जाऊ लागल्या. नीता आमच्या मुलीच्या वयाची. "काकू, इथे पांढरा रंग नसतो. उजेड हवा तिथे कागद कोरा सोडायचा," ती सांगायची. काकू मान डोलवायच्या आणि घरी येऊन सगळा कागद भरून टाकायच्या.

अशात शोशानाची थोरली बहीण रिवकाताई मुलाकडे इस्रायलला कायमच्या राहायला निघाल्या. आमच्या बेने इस्रायली ज्यूंच्या आळीतून माणसं तिकडे जातात, त्यात नवीन काही नाही. पण या दोघी आयुष्यात कधी आठ दिवसही लांब राहिलेल्या नाहीत. ताई जाण्याआधी तिचा चेहरा कागदावर उतरवून घ्यायचाच, असं शोशानाने ठरवलं. "फोटो आहेत की," मी म्हणालो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप पेपर उघडला.

पंधरा दिवस, शनिवार सोडून, ताई रोज दुपारी येऊन आमच्या खिडकीशी बसल्या. सात कागद फुकट गेले. गालावर रंगाचा एक हात, त्यावर दुसरा, तिसरा, की झाला चिखल.

"शोशी, ही मी आहे की वांग्याचं भरीत?" ताईंनी विचारलं.

मी हसलो. शोशाना रडली. माझं चुकलंच.

आठवा कागद शुक्रवारी घेतला. विमान शनिवारी रात्रीचं होतं. या खेपेला चेहरा बरा येत होता, तोच ऊन उतरलं आणि ताई उठल्या.

"शब्बाथ लागतोय. ब्रश ठेव."

"ताई, गालाखाली फक्त एक हात देते."

"आई असती तर हे बोलली असतीस?"

ब्रश खाली ठेवला गेला. दोघींनी मिळून दिवे लावले.

शब्बाथला आमच्यात काम करत नाहीत, त्यामुळे शनिवारभर कागद टेबलावर तसाच पडून होता. शोशाना दहादा त्याच्यापाशी गेली आणि दहादा परत आली. दुपारी तर ती जेवण सोडून नुसती त्याच्याकडे बघत उभी होती.

आकाशात चांदण्या दिसल्या, शब्बाथ संपला, आणि तिने लगेच वाटीत पाणी घेतलं. तेवढ्यात ताई निरोप घ्यायला आल्या. टॅक्सी खाली उभीच होती.

"पाच मिनिटं," शोशाना म्हणाली. ताई नेहमीच्या जागी जाऊन बसल्या.

तिने ब्रश भिजवला, कागदाजवळ नेला. गालाखालची जागा कोरीच राहिली होती, आणि कालचं ऊन नेमकं तिथेच पडलेलं दिसत होतं. तिने ब्रश फडक्याला पुसून टाकला. लग्नाला सदतीस वर्षं झाली, पण हे मी पहिल्यांदा पाहिलं. खरं सांगतो, मला तिचा अभिमान वाटला.

"झालं?" ताईंनी विचारलं.

"झालं."

"मग उठू?"

शोशानाने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"नको गं ताई," ती म्हणाली. "बस."