खालच्या संडासातली वाळूची पिशवी

"पिशवी बसवलीस खरी, पण आता मी काय पिशवीवर बसू?"

सासूबाई संडासाच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. सुनेचे हात कोपरापर्यंत वाळूने माखलेले. तिला हसूच फुटलं.

"आई, तुम्ही पण ना! वर आहे की दुसरा."

"वरचा उकिडवं बसायचा. मी एकदा बसले की उठवायला क्रेन मागवावी लागेल तुला."

"बघू हो काहीतरी," सून म्हणाली, आणि ते बघायचं राहूनच गेलं.

एरवी ती काही राहू देणाऱ्यातली नव्हती. नवरा परगावी कामाला, पदरात रांगतं पोर, घर नदीच्या उताराला. काळजी तिच्या पाचवीलाच पुजलेली. कर्णा लावलेली गाडी पुराचा इशारा देत गल्लीतून ओरडत गेली तेव्हा शेजारीपाजारी दारात फळ्या ठोकत होते. हिने मात्र वाचून ठेवलं होतं: नदी चढली की गटारं तुंबतात, मग घाण पाणी नळ्यांतून उलटं फिरतं आणि दारातून पूर यायच्या आधीच खालच्या मजल्यावरच्या कमोडमधून वर उसळतं. म्हणून तिने पिशवीत वाळू भरली, वरून प्लास्टिक गुंडाळलं आणि ती कमोडच्या तोंडात दाबून बसवली. बाथरूमच्या जाळीत चिंध्यांचा बोळा कोंबला आणि त्यावर भरलेली बादली ठेवली. मग पोरीला कडेवर घेऊन, सासूबाईंना एकेक पायरी चढवत वर नेलं.

वर गेल्यावर तिने चहा टाकला.

"मला नको," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाई आणि चहाला नाही! सुनेला नवल वाटलं. सकाळपासून त्यांनी पाण्याचा पेलाही तसाच ठेवला होता. पण पोर किरकिर करत होती, खिडकीतून गल्लीत पाणी शिरताना दिसत होतं, आणि ते नवल तिथंच विरलं.

दुपारी पोर एकदाची झोपली. "तूही पड जरा," सासूबाई म्हणाल्या, "मी बसलेय इथे." सुनेचा डोळा लागला असेल नसेल, तोच खालून धप्पकन आवाज आला.

ती जिना उतरली तेव्हा पायाला काळं पाणी लागलं. नाकाला पदर लावायचंही भान राहिलं नाही. वाळूची पिशवी संडासाच्या दाराशी पडली होती. दुखऱ्या गुडघ्यांनी ती कशी उचलली असेल, कुणास ठाऊक. पटकन जाऊन येऊ आणि परत ठेवू, असं ठरवलं असणार. पाण्याने तेवढीही सवड दिली नव्हती. सासूबाई फरशीवर भिंतीला टेकून पडल्या होत्या, एक पाय भलतीकडे वळलेला, नडगीला खोल खोक पडलेली. आणि दोन्ही हातांनी त्यांनी कमोडचं झाकण दाबून धरलं होतं. कडांमधून बुडबुडे येतच होते.

"मी धरलंय घट्ट," त्या म्हणाल्या. "तू पोरीकडे जा."

"आई, सोडा ते! मला हाक का नाही मारली?"

"काय म्हणून मारू? म्हातारीला संडासला नेऊन आण म्हणून?" त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "लाज वाटते गं."

शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीत बसवून, कमरेएवढ्या पाण्यातून उचलून दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. पण घात केला तो पायाच्या जखमेनं. त्या घाणीने ती चिघळली आणि विष अंगभर पसरलं. नवरा पोहोचला तेव्हा त्यांना शुद्ध नव्हती. सासूबाई घरी परत आल्याच नाहीत.

पाणी ओसरल्यावर सून फरशी घासत राहिली. घासता घासता तिला कळलं, काय लागलं असतं ते. मधोमध भोक पाडलेली एक खुर्ची, खाली बादली, आणि वरच्या खोलीला आडपडदा म्हणून एक जुनी चादर. सगळं घरात होतं. सासूबाईंनी तर हसत हसत सांगितलंही होतं.

आता पाण्याचा इशारा आला की ती ओळखीच्या, बिनओळखीच्या सगळ्यांना हेच सांगते, तुम्हालाही तेच सांगते आहे: पिशव्या बसवा, जरूर बसवा. पण तुमच्या घरात, नाहीतर शेजारी, गुडघे धरून चालणारं कुणी असेल, तर त्यांच्यापाशी जाऊन बसा. "संडासला तुम्ही कुठे जाणार?" असं सरळ विचारा. थट्टेत उत्तर आलं, तर उठू नका. परत विचारा.