हिरव्या मार्गाचा फलाट

आत्याने तिकीट-फाटकापाशी उभ्या असलेल्या शिपायाला विचारायला तोंड उघडले, तेवढ्यात भाचीने मागून तिचे कोपर दाबले.

"विचारायचं नाही गं! नुसत्या पाट्या वाचायच्या आणि हिरव्या मार्गाच्या फलाटावर यायचं. मी मागून येते. माझ्याकडंही बघायचं नाही."

मेट्रोच्या या जुन्या स्टेशनातल्या पाट्या आणि नकाशे नव्याने करायचे काम भाचीकडे होते. पक्क्या पाट्या बनवायला टाकण्याआधी तिने त्या पुठ्ठ्यावर छापून जागोजागी टांगल्या होत्या. ऑफिसातल्या सगळ्यांना स्टेशन पाठ. तिला हवे होते रस्ता न माहीत असलेले माणूस. आत्या आपणहून तयार झाली होती.

"पण तू तर लग्न झाल्यापासून इथूनच जातेस," भाचीने आदल्या दिवशी शंका काढली होती.

"मी कुठली जाते? हे जायचे. मी मागून चालायचे. त्या स्टेशनातलं मला काय ठाऊक, तर यांच्या राखाडी सदऱ्याची पाठ."

भाची खळखळून हसली होती. आत्या हसली नव्हती. यजमान जाऊन वर्ष होत आले होते. लेक हिरव्या मार्गाच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि मुलगा म्हणायचा, "एकटी नको जाऊस, आई, चुकशील. सवड झाली की मी सोडतो." त्याला सवड काही होत नव्हती.

फाटकातून आत जाताच माणसांचा लोंढा अंगावर आला. राखाडी सदऱ्यांच्या कितीतरी पाठी. एकदा अशाच गर्दीत ती भलत्याच पाठीमागे निघाली होती. यजमान धावत आले, म्हणाले, "कुणाच्या नवऱ्याला पळवतेस?" त्या आठवणीने तिच्या ओठांचे टोक हलले.

पुढे एका बाजूला जिना होता, समोर बोळ. हिरवा बाण बोळाकडे दाखवत होता. पण तिचे पाय जिन्याकडे वळले, पहिल्या पायरीवर चढलेसुद्धा. इथेच यजमान थांबायचे. हात पाठीशी बांधून भिंतीवरचा नकाशा बराच वेळ बघायचे, "हं" म्हणायचे आणि जिना चढू लागायचे. मग रुळांवरचा पूल, पलीकडचा जिना, पुन्हा एक बोळ, पुन्हा पायऱ्या. धापा टाकत ती मागे. सणवाराच्या पिशव्या, पुढे कडेवर लेक, मग लेकीची मुले. पण रस्ता तोच.

तिने पाय खाली घेतला. बाणाच्या मागे गेली. एक वळण, एक सरकता जिना, आणि समोर हिरव्या मार्गाचा फलाट. इतक्यात? तिने पाटी पुन्हा वाचली.

फलाटावर जुना नकाशा अजून काढलेला नव्हता. एकमेकींवरून गेलेल्या रेघा, कोपऱ्यात दाटीवाटीने बसवलेली बारीक अक्षरे. तिने रेघेवर बोट ठेवले. ते दुसऱ्याच रेघेवर निघून गेले. पुन्हा ठेवले. पुन्हा तसेच.

"जमलं की गं!" भाची मागून येऊन तिला बिलगली. "पण जिन्यापाशी का अडखळलीस? पाटी दिसली नाही? खरं सांग, सगळ्या पाट्या बदलाव्या लागल्या तरी चालतील."

"पाटी चांगली ठळक आहे. आम्ही पुलावरून यायचो ना, म्हणून."

"पुलावरून? अगं, तो तर अख्ख्या स्टेशनाला वळसा! आतोबांना हा रस्ता माहीत नव्हता?"

आत्याचे बोट अजून नकाशावर होते. तिने ते हळूच काढून पदराला पुसले. यजमानांनी कधी कुणाला रस्ता विचारल्याचे तिला आठवेना. मात्र जिना चढतानाची त्यांची ताठ मान आठवली.

"न माहीत असायला काय झालं?" ती म्हणाली. "त्यांना पुलावरचा वारा आवडायचा."

"आतोबा म्हणजे ना! एवढे हौशी वाटायचे नाहीत हं."

"तुला काय माहीत."

गाडी आली. दारे उघडली आणि आत्या सरळ आत जाऊन बसली.

"अगं, उतर! चाचणी झाली, आता घरी जायचंय."

"दादाला फोन कर. म्हणावं, आई ताईकडं गेली."

"एकटी? तो मला फाडून खाईल! 'चुकली तर?' म्हणेल."

"चुकते कशाला?" दारे मिटत होती तशी आत्याने मान ताठ केली. "म्हणावं, रस्ता तुझ्या वडिलांनीच दाखवलाय."