रजईच्या खोळीचा लाल

राजेंद्र नगरात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी तीन शहाणी माणसं जमायची आणि जपानी मारधाडीचे सिनेमे बघून अकलेचे तारे तोडायची. शंकररावांचं तरी हेच मत होतं, आणि त्यांचं मत तिथे कुणी विचारत नव्हतं.

शंकरराव स्नेहलतागंजातल्या दुकानातून भाड्याचा व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही रिक्षात घालून आणायचे. मशीन गिऱ्हाइकाच्या घरी एकटं सोडायचं नाही, बटणाला हात फक्त आपला, असा दुकानाचा नियम. म्हणून मंडळी गादीवर आणि शंकरराव टीव्हीशेजारी स्टुलावर, असे दोन वर्षांत एकोणीस जपानी सिनेमे त्यांनी झेलले होते. त्याआधी बावीस वर्षं ते मिलच्या रंगखात्यात होते. मिलला टाळं लागलं आणि नशिबी हे स्टूल आलं.

जपानी कुणाच्या बापाला येत नव्हती. बंटीचा मेहुणा हाँगकाँगहून कॅसेटी आणायचा, त्यांच्यावर खाली इंग्रजी अक्षरंही नसत. म्हणून मतांना काही धरबंद नव्हता. सिनेमा संपला की चहाबरोबर प्रत्येकाने मत द्यायचंच, असा मंडळाचा रिवाज होता. उघडी बाई तलवार घेऊन धावली की बँकेतले शामराव म्हणत, "ही हरलेल्या देशाची किंकाळी आहे, भिया." कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या वसुंधराबाई लगेच वही काढत. बंटीचं मत ठरलेलं होतं, "खतरनाक!" शंकररावांना तिघांत तोच त्यातल्या त्यात बरा वाटायचा. आपल्याला काय बघायचंय हे तो निदान लपवत नव्हता.

एकदा पडद्यावर एका भिक्षुणीने चिवरातून सुरा काढला. शामराव वळून म्हणाले, "बघा शंकरराव, तुमचे बुद्धाचे लोक काय करतात!" सगळे हसले. महूच्या छावणीत हयात काढलेल्या सुभेदाराचा हा बौद्ध नातू ते विसरला नाही.

आणि त्या सगळ्यांचा लाडका विषय म्हणजे सिनेमातला लाल रंग. कारंज्यासारखं उडणारं ते रक्त इतकं लाल का, यावर त्यांनी पोह्यांच्या पराती संपवल्या होत्या. वसुंधराबाईंनी पुण्याच्या एका मासिकात त्यावर लेखही लिहिला. खरी गोष्ट एवढीच होती, की नकलेची नक्कल झालेल्या त्या कॅसेटींत रक्त पिवळट, आजारी दिसायचं. शंकररावांना ते बघवेना. त्यांनी पहिल्याच रविवारी रंगाचं बटण फिरवून फिरवून नेमका रजईच्या खोळीचा लाल लावला होता. मिलमध्ये तो लाल ते नुसत्या नजरेने जुळवायचे. नमुन्याच्या कापडाखाली सही मात्र रंगमास्टरची व्हायची, आणि त्या मास्टरला लाल आणि शेंदरी यांतला फरक दिवसाउजेडीही कळत नसे.

विसावा सिनेमा लागला आणि शंकरराव स्टुलावर ताठ झाले. पडद्यावर रंगाचे हौद होते, वाफ होती, कोपरापर्यंत लाल हातांच्या बाया होत्या. मग कारखान्याचं फाटक बंद झालं आणि त्या बाया बाहेर नुसत्या बसून राहिल्या. एक जण नळाखाली हात घासत होती. रंग जात नव्हता. जाणार नाहीच, शंकररावांनी मनात म्हटलं. त्यांच्या नखांतला रंग मिल बंद झाल्यावर चार महिन्यांनी गेला होता, आणि तो गेला त्या दिवशी ते बायकोपासून तोंड लपवून रडले होते. आज आपणही मत द्यायचं, कुणी विचारो न विचारो, असं त्यांनी ठरवलं. या खोलीत त्या नळाबद्दल बोलायचा हक्क फक्त त्यांचा होता.

"काय बोर आहे यार," बंटी म्हणाला. "फॉरवर्ड करा ना, भिया."

"थोडं बघा," शंकरराव म्हणाले. "पाच मिनिटं."

"अहो, ही तर युनियनबाजी आहे, यात आर्ट कुठे आहे?" शामरावांनी हात झटकला. "इथे हुकूमत मशीनवाल्याची आहे का? चला, पुढे घ्या."

शंकररावांनी बटण दाबलं. त्या बाया तुरुतुरु पळू लागल्या, फाटकासमोर टुणटुण उठू-बसू लागल्या. तिघं खो खो हसले, वसुंधराबाईंनी तर पदर तोंडाला लावला. शंकररावांच्या कानशिलांत आग झाली. पहिली तलवार निघाली तेव्हा त्यांनी पुढे नेणं थांबवलं आणि रंगाचं बटण डावीकडे पार टोकापर्यंत फिरवलं. बसा आता बोंबलत. मालकाच्या गळ्यातून उडालेलं रक्त दौतीतल्या शाईसारखं काळं सांडलं.

कुणी बोंबललं नाही. सिनेमा संपेपर्यंत तिघं पडद्याला खिळून बसले.

"क्या बात है!" शेवटी शामराव म्हणाले. "फाटक बंद झालं आणि डायरेक्टरने दुनियेतला रंगच काढून घेतला! समझलात का वसुंधराजी?"

"माझ्या तर अंगावर काटा आला," वसुंधराबाई लिहीत लिहीत म्हणाल्या. "त्या बायांचं सगळंच गेलं. आता कसला लाल आणि कसला हिरवा!"

 दोन वर्षांत या माणसांनी पहिल्यांदा खरं काही म्हटलं होतं, आणि ते शंकररावांबद्दल होतं.

शामरावांना तेवढ्यात औदार्य सुचलं. "शंकरराव, तुम्ही तर मिलवाले! आज तुम्हीपण मत सांगा."

नळ, नखं, ते चार महिने, सगळं तोंडाशी आलं होतं. पण आधी खोटं निस्तरायला हवं होतं. ते म्हणाले, "रंग मी काढला. हे बटण फिरवून."

 मग शामराव लहान मुलाची समजूत काढावी तसे हसले. "अहो, एवढा विचार बटणाने होतो का? तुम्हाला तसं वाटलं असेल. हे डायरेक्टरचं दिमाग आहे, शंकरराव. छोडा, चहा घ्या."

"पुढच्या वेळी भोपाळचे पाहुणे येतील, त्यांना हाच दाखवू या," वसुंधराबाई म्हणाल्या. नळाबद्दल कुणी काही विचारलं नाही.

शंकररावांनी चहा घेतला नाही. बटण तसंच डावीकडे ठेवून त्यांनी वायरी गुंडाळल्या आणि टीव्ही छातीशी धरून जिना उतरले. बावीस वर्षं लाल त्यांनी जुळवला, सही मास्टरची झाली. आज काळा जुळवला, तर सही कुणा न पाहिलेल्या जपान्याची.