मोजणीत नसलेला माणूस

रोज सकाळी पावणेनऊ वाजले, की तिसऱ्या मजल्यावरची चष्मेवाली कामाला निघायची. चष्म्याच्या दुकानात ती काउंटर सांभाळायची, म्हणून सगळी इमारत तिला चष्मेवालीच म्हणायची. निघण्याआधी ती गॅस खालून बंद करी, काडेपेटी आणि सुऱ्या कपाटात घालून कपाटाला कुलूप लावी आणि मग वडिलांसमोर बसून रोजचा धडा घेई.

"अप्पा, दार वाजलं तर?"

"गप्प बसायचं."

"कोणी हाक मारली तर?"

"ओ द्यायची नाही."

"आणि बोलायचं कधी?"

"तू सांगशील तेव्हा," अप्पा शहाण्या मुलासारखे म्हणत.

मग ती दाराला बाहेरून कुलूप घाली, दोनदा ओढून बघी आणि जीव मुठीत धरून जिना उतरे.

अप्पांना विसरण्याचा आजार जडला होता. कालचं जेवण आठवत नसे, कधी लेकही आठवत नसे. सहा महिन्यांपूर्वी ते शर्ट घालून, खाली नुसता टॉवेल गुंडाळून रस्त्यावर गेले होते. पहिल्या मजल्यावरचा प्लंबर तेव्हा फाटकापाशी उभा होता. "अप्पा, पँट इस्त्रीला दिली वाटतं!" तो म्हणाला आणि चार माणसं खो-खो हसली. चष्मेवालीने मान खाली घालून वडिलांना वर नेलं. तो जिना चढताना तिने मनाशी ठरवलं, की आता अप्पा कोणाच्या दृष्टीस पडणार नाहीत. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना सांगून टाकलं, "अप्पांना भावाकडे पाठवलं, गावाला."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मंडळी, मुठीत जिवंत माणूस असेल तर तो गुदमरतो, हे आपल्या लक्षात कुठे येतं?

इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत एक छोटी संस्था चाले. नाव शेजार केंद्र. एका निवृत्त नर्सने ते सुरू केलं होतं, त्यांना सगळे सिस्टरबाई म्हणत. काम साधंच होतं. आसपासच्या इमारतींतली माणसं आठवड्याचे दोन तास द्यायची. कोणी आजाऱ्याजवळ बसे, कोणी म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेई. सिस्टरबाईंचा आणखी एक हट्ट होता. कुठल्या घरात किती माणसं, त्यांतली किती दिवसा घरी असतात, याची यादी त्या स्वतः दारोदार फिरून करत. अडीअडचणीला माणसं मोजता आली पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं.

चष्मेवालीच्या दारातही त्या आल्या होत्या. तिने दार चार बोटं उघडलं.

"घरात किती जण?"

"मी एकटीच."

"दिवसा कोणी?"

"कोणी नाही."

आतल्या खोलीत काहीतरी खाली पडलं. चष्मेवालीने दार आणखी ओढून घेतलं. "मांजर," ती म्हणाली.

सिस्टरबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "अगं, काही असेल तर सांग हो. एकटीने ओढलेला गाडा चिखलात रुततो. आम्ही काही चौकशा करायला येत नाही, हात द्यायला येतो."

"मला कोणाची गरज नाही," असं म्हणून तिने दार लावून घेतलं. पुढे केंद्राकडून सभेचे, शिबिराचे फोन येत राहिले. तिने तो नंबर मोबाइलमध्ये 'कटकट' या नावाने साठवून ठेवला, म्हणजे न उचलता कापायला बरा.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास ती एका आजोबांच्या नाकावर नवी फ्रेम बसवत होती. फोन थरथरला. कटकट. तिने कापला. परत वाजला. परत कापला. आजोबा म्हणाले, "घ्या की, कोणीतरी खोळंबलंय." तिसऱ्यांदा तिने वैतागून उचलला.

"काय आहे?"

"अगं, मी सिस्टरबाई. तू दुकानातच आहेस ना? एवढंच विचारायचं होतं. खाली मीटरच्या खोलीत आग लागलीय. धूर सगळा जिन्यातून वर चढतोय. पण तू घाबरू नकोस, यादी घेऊन एकेक माणूस मोजलं. सगळे सुखरूप उतरलेत. एक तुझीच खात्री राहिली होती. तुझं घर तर काय, रिकामंच."

फ्रेम तिच्या हातातून काउंटरवर पडली.

सगळे उतरलेत! सहा महिने राखलेलं खोटं किती चोख उतरलं होतं! खाली रस्त्यावर माणसं सुटकेचा निःश्वास टाकत होती, कारण मोजणी बरोबर जुळली होती. आणि तिसऱ्या मजल्यावर, बाहेरून कुलूप लावलेल्या दाराआड, एक म्हातारा माणूस लेकीचं ऐकून गप्प बसला होता.

"सिस्टर..." ती काउंटरमागून बाहेर आली. "सिस्टर, अप्पा आत आहेत."

"काय? अगं, ते गावाला..."

"नाही हो! खोटं बोलले मी! घरात आहेत, कोंडून ठेवलंय मी त्यांना! वाचवा हो त्यांना!"

पलीकडून सिस्टरबाईंचा आवाज आला. तो चढलेला नव्हता, नुसता झपाझप चालणारा होता. "फोन ठेवू नकोस. आतली रचना सांग."

ती धावतच बाहेर पडली आणि समोर दिसली त्या टॅक्सीत बसली. फोन कानाशी होता. सिस्टरबाई सांगत होत्या, जिन्यात डोळ्यांपुढचं दिसत नव्हतं, बंब निघाला होता पण अजून पोचला नव्हता. मागच्या बाजूला सफाईसाठी लोखंडी गोल जिना होता, तो स्वयंपाकघराच्या सज्ज्यापर्यंत जाई. सज्ज्याच्या दाराला आतून कडी होती आणि वर तिनेच घातलेलं कुलूप. मागची ही वाट तिने रडत, धापा टाकत सांगितली.

"मी जातो," सिस्टरबाईंच्या मागून कोणाचा तरी आवाज आला. तिने तो ओळखला. प्लंबर. त्या दिवशी हसणारा. सहा महिने तिने त्याच्या नमस्काराला उत्तर दिलं नव्हतं.

सिस्टरबाईंनी फोन त्याच्याकडे दिला आणि मग त्यातून फक्त आवाज येऊ लागले. लोखंडी पायऱ्यांवरची पावलं. खोकला. दारावर लोखंडी पान्याचे दणके, एक, दोन, पाच, सहा. टॅक्सी सिग्नलला उभी होती आणि चष्मेवाली डोळे मिटून ते दणके ऐकत होती. अप्पांना ते कसे ऐकू येत असतील? कोणीतरी दार फोडतंय आणि लेकीने सांगितलंय गप्प बसा!

दार तुटल्याचा आवाज आला.

"अप्पा! ओ अप्पा!" प्लंबर ओरडत होता. भांडी पडली. दारं आपटली. "ताई, स्वयंपाकघरात कोणी नाही. खोलीत पण नाही. मोरी बघितली. धूर लई झालाय ताई, नक्की घरात आहेत ना?"

"आहेत! ते ओ देणार नाहीत! मीच शिकवलंय त्यांना!"

"मग शोधू कुठे? मला हातभर पुढचं दिसत नाही!"

"स्पीकर लाव! फोन वर धर!" आणि ती भर रस्त्यात, उघड्या खिडकीच्या टॅक्सीत, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडली, "अप्पा! मी आलेय! ओ द्या!"

काही नाही. टॅक्सीवाल्याने गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं.

"अप्पा, आता गप्प बसायचं नाही! मी सांगतेय ना! बोला! अप्पा, बोला!"

प्लंबरचा खोकला थांबेना. मग कुठूनतरी खालून, पलंगाखालून असावा, एक बारीक, घुसमटलेला आवाज आला.

"आता बोलू का गं?"

चष्मेवालीने हंबरडा फोडला.

इमारतीपाशी पोचली तेव्हा बंब आला होता. अप्पा समोरच्या इमारतीच्या ओट्यावर बसले होते, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क, अंगावर कोणाचीतरी चादर. सिस्टरबाई त्यांची नाडी बघत होत्या. शेजारी प्लंबर भिंतीला टेकून खोकत होता, भुवया करपलेल्या. ती आधी वडिलांच्या पायांशी बसली. त्यांच्या अंगावरची चादर तिने नीट केली.

"सिस्टर," ती म्हणाली. "मी दोनदा फोन कापला. तिसऱ्यांदाही कापला असता तर?"

"कापला नाहीस," सिस्टरबाई म्हणाल्या.

"लोक हसले होते हो सिस्टर. मला सहन झालं नाही. वाटलं, लपवले तर निदान अब्रू तरी राहील त्यांची."

"हसले, हे मलाही ठाऊक आहे. पण अगं, विसरणं हा आजार आहे, त्यात लाज कसली? आणि हसणारे लोक काही राक्षस नसतात. त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. तू सांगितलं असतंस, तर हाच गडी तेव्हाही अप्पांना हात धरून वर घेऊन आला असता. तू आम्हाला संधीच दिली नाहीस. आणि खरं सांगू? चूक माझीही आहे. मांजर म्हणालीस, तेव्हाच मला पटलं नव्हतं. तरी मी यादीत एक लिहून पुढच्या दाराकडे गेले."

प्लंबर पुढे आला. त्याला नीट बोलवत नव्हतं. "ताई, त्या दिवशी मी हसलो होतो. माझ्या घरी असं कोणी नाही, म्हणून हसलो. चुकलंच माझं."

चष्मेवालीने त्याच्यापुढे हात जोडले. अप्पांनी मास्क खाली ओढून त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्या भुवया कुठे गेल्या?" तेव्हा मात्र सगळे हसले. चष्मेवालीसुद्धा.

आता अप्पा दिवसभर केंद्रात बसतात. कधी उठून चालू लागतात, तेव्हा जो जवळ असेल तो त्यांच्याबरोबर चार पावलं चालतो आणि वळवून आणतो. पानवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्या गल्लीला ते ठाऊक आहेत. चष्मेवालीच्या दाराची एक किल्ली प्लंबरकडे असते. दर रविवारी ती केंद्रात आपले दोन तास देते.

अशाच एका रविवारी दुसऱ्या मजल्यावरचा टेलर दारात येऊन उभा राहिला. आत येईना, जाईना. कात्री धरून घट्टे पडलेली बोटं एकमेकांत अडकवत राहिला. शेवटी चष्मेवालीनेच विचारलं, "काय हवं होतं, दादा?"

"आग लागली, त्या दिवशी..." तो थांबला. "त्या दिवशी मी तिला पाठीवर घेऊन मागून उतरलो. शेजारच्या गल्लीत लपवली आणि मग मोजायला आलो."

"कोणाला?"

"बहिणीला." तो जमिनीकडे बघत होता. "सगळ्यांना वाटतं तिचं लग्न झालं. घरातच असते ती. अकरा वर्षं झाली. त्या दिवसापासून झोप नाही मला. आग मी दुकानात असताना लागली असती तर?"

ती भीती चष्मेवालीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती उठली. सिस्टरबाईंनी होकारार्थी मान हलवली.

"चला," ती टेलरला म्हणाली.

"आत्ता? पण ती बोलत नाही हो कोणाशी. घाबरते माणसांना."

"घाबरू दे. मीही घाबरलेलीच आहे. दोघी बसू जवळ जवळ."

वाचकहो, आपल्याही मजल्यावर असं एखादं दार असेल. ज्याच्यामागे काहीतरी पडल्याचा आवाज येतो आणि आतून सांगतात, मांजर आहे. ते खरं मानून पुढे जाऊ नका. आणि ते दार आपलंच असेल, तर आग लागायची वाट बघू नका. शेजारी हसतील ही भीती मोठी खरी, पण शेजाऱ्यांना आपलं माणूस आत आहे हे ठाऊकच नसणं, त्याहून भयंकर काही नाही. एकाला तरी सांगा. आजच सांगा.

टेलरने कुलपाला किल्ली लावली, पण फिरवली चष्मेवालीने.