हळद लाल झाली का?

अंगणातल्या दोरीवर सुताच्या लडी वाळत होत्या आणि त्यांच्याकडे बघायची सुनामणीची छाती होत नव्हती. पंधरा दिवस त्या लडींनी एरंडेल प्यायलं होतं, शेणकाल्यात लोळल्या होत्या, राखेच्या पाण्यात बुडून पुन्हा उन्हात तापल्या होत्या. आज सासू हळद लावून बघणार होती. राखेचा खार सुतात मुरला असला की हळद लाल होते; लाल झाली की सूत तयार. उद्या लाल रंग देणाऱ्या आलच्या मुळ्यांबरोबर उकळायला मोकळं. पिवळीच राहिली तर रंग पहिल्या धुण्यालाच वाहून जाणार. आणि हे सूत नणंदेच्या, जेमाच्या, लग्नाच्या लुगड्याचं होतं. लग्न महिन्यावर आलेलं.

काल शेवटच्या बुडवणीला तिचा पोरगा बुटू रांगत चुलीकडे निघाला. सुनामणी धावली. धावता धावता हातातला पेजेचा तुंबा तिनं राखेच्या पाण्याच्या मडक्याच्या काठावर टेकवला आणि तो आत कलंडला. दोन दिवसांची आंबलेली नाचणीची पेज! मडक्यात फस्सकन फेस आला; आंबटानं राखेचा खार मारला. राख संपलेली, सासू नदीवरून परतत होती. सुनामणीनं तसंच सूत पिळून वाळत घातलं.

"कुठली लड घेऊ?" सासू, दैमती, चाचपडत आली. मोतीबिंदू झाल्यापासून तिला माणसं तेवढी ओळखू यायची, रंग नाही.

"कुठलीही घ्या, आई."

दैमतीनं लडीचं टोक ओलं केलं, त्यावर हळद चोळली आणि सुनेपुढे धरलं. "बघ. लाल झाली का?"

पाठमोरी जेमा उखळात मुळ्या कुटत होती. "वहिनी, म्हण बाई लवकर लाल! माझे हात गळून पडले."

एक शब्द. बोलला की सुटली. सुनामणीच्या कडेवरच्या बुटूनं हळदीत बोटं घातली.

"पिवळी आहे, आई."

मुसळ थांबलं.

"असं कसं?"

"काल पाण्यात पेज सांडली. या पोरानं..."

"पोराचा हात मडक्याच्या काठाला पुरतो?"

सुनामणीनं मान खाली घातली. "तुंबा मी ठेवला होता तिथं. आणि सांगितलं नाही."

दैमतीनं ती लड बोटांत फिरवली. "उतरव सगळ्या. धुऊन परत आठ दिवस."

"आठ?" जेमा गर्रकन वळली. "मग विणणार कधी? माझी वरात गेल्यावर?"

"तुझ्या बाला सांगते, पदर वीतभर आखूड विण म्हणून."

"सासरी आखूड पदर मिरवू मी?"

"मग विटका मिरव."

जेमाचे डोळे भरले. ती वहिनीकडे बघेना. मग मुसळ उचलून तिनं असं हाणलं की उखळ हललं. दुसरा घाव पडला, तिसराही.

दैमतीनं हात पुढे केले. "पोर दे इकडे. कडेवर हा, हातात तुंबा, समोर चूल आणि मडकं. मी नदीवर जाताना याला नेलं असतं तर काय बिघडलं असतं?" तिनं फडक्यात बुटूला पाठीशी बांधलं. "जा, शेजारून राख माग. चाळून आण. आणि तुंबा?"

"खुंटीला टांगते."

बुटूनं मागून हात घालून आजीच्या गालाला बोटं पुसली.

"काय फासलं गं यानं?"

"हळद."

"लाल का पिवळी?"

"पिवळी," सुनामणी म्हणाली आणि टोपली घेऊन निघाली.