ज्ञानवर्षाव निधीचा चमत्कार

माणिकपूरच्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आणि भाविक कोण? प्राध्यापक! चांगले पीएचडी झालेले, आपापले संशोधनाचे पेपर छातीशी धरून रांगेत उभे. व्यासपीठावर अंकुशगुरू एकेक पेपर कपाळाला लावत होते आणि शेवटच्या पानावर शिक्का हाणत होते. मी आग्नेस, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. माझं डोकं दारातच तापलं.

गुरूंच्या मागे पडद्यावर आलेख झळकत होता. "बघा, बघा! ज्यांच्या पेपराखाली आमच्या ज्ञानवर्षाव निधीचे आभार छापले, त्यांची सायटेशन्स तिप्पट! निधी म्हणजे पेपराचा प्राण! शंका घेतलीत की आकडा आटतो!" सायटेशन म्हणजे दुसऱ्या संशोधकाने आपल्या पेपरात तुमच्या पेपराचा दाखला देणं. हॉलभर टाळ्या पडल्या.

रांगेत माझी सहकारी क्षितिजा दिसली. नोकरी कंत्राटी, घर तिच्या एकटीच्या पगारावर. प्राचार्यांनी तिला बजावलं होतं, जूनपर्यंत सायटेशन्स वाढली नाहीत तर कंत्राट संपलं. तिचं काम उमेळे गावातल्या विहिरी खाऱ्या का होतात, यावर. खरा निधी कुठूनच मिळेना, तेव्हा ही बाई आपल्या स्कूटीवर बाटल्या लादून पाण्याचे नमुने आणायची.

"गुरूंची अट काय गं?" मी विचारलं.

"विहिरींची सगळी मोजमापं त्यांना द्यायची. पेपरावर पहिलं नाव त्यांचं. पेपरासकट फाइल त्यांच्या टेबलावर ठेवूनही आलेय."

"वेडी झालीस का? एवढी वर्षं उन्हातान्हात मर मर मेलीस ती यासाठी?"

"मग काय करू, मॅडम? सांगा ना!" तिने माझा हात धरला. "जूननंतर घरी काय शिजवू? तो आलेख खोटा आहे का?"

आलेखातले आकडे खोटे नव्हते. तीच तर मेख होती.

मी तडक पुढे गेले. व्यासपीठावर शाल पांघरून ॲलिस्टर बसला होता, निधीचा सर्वांत यशस्वी मानकरी आणि माझा जुना विद्यार्थी.

"ॲलिस्टर, खरं सांग बाबा. आधी निधी की आधी सायटेशन्स?"

तो चुळबुळला. "आधी सायटेशन्स, टीचर. माझा पेपर गाजायला लागला, मग यांचा फोन आला. प्रवासखर्च देतो, पुढच्या पेपरांत आमचे आभार माना, म्हणाले."

"म्हणजे गाजलेला माणूस हेरायचा. त्याचे पुढचे पेपर लोक नावामुळेच वाचणार. गुरुजी, मोहरलेल्या आंब्याला तांब्याभर पाणी घालून फळं आपल्या नावावर लावता होय? आणि ज्यांना शिक्का मारूनही काही मिळालं नाही, ते या आलेखात कुठे आहेत?"

"त्यांची श्रद्धा कमी पडली!"

"म्हणून वगळलेत?"

"अर्थात!" गुरू बोलून गेले आणि मग त्यांनी जीभ चावली.

मी लोकांकडे वळले. "अहो, खऱ्या निधीतून उपकरणं येतात, तपासण्या होतात. काम चांगलं झालं तर लोक दाखलेही देतात. पण निधी बहुतेकदा आधीच पुढे असलेल्यांना मिळतो. मग सायटेशन्स पैशामुळे वाढली की आधीच्या नावामुळे, हे नुसता आलेख कसं सांगेल?"

रांग हलली, पण मोडली नाही. एकजण पुटपुटला, "पटतंय हो, मॅडम. पण आमच्याकडेही आकडाच मागतात."

क्षितिजाने मात्र गुरूंच्या टेबलावरून आपली फाइल ओढून घेतली. पहिल्या रांगेत आमचे प्राचार्य प्रमुख पाहुणे म्हणून बसले होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"सर, तुम्ही माझा पेपर वाचलाय?"

"वाचायला वेळ कुठे आहे? आकडा किती झाला ते बोला."

"शून्य," ती म्हणाली, आणि तिथेच खाली बसून हमसून हमसून रडू लागली.

गुरूचा मला तेवढा राग नाही आला. तो हातचलाखीवर पोट भरतो. पण न वाचताच आकड्यापुढे हात जोडणारे आपण शिकलेले लोक, आपलं काय? मी फाइल उचलून प्राचार्यांच्या मांडीवर ठेवली.

"तिला काढायचं तर काढा, सर. पण आधी वाचा. उमेळ्यातल्या कुठल्या विहिरींचं पाणी आता लेकरांना पाजू नये, ते पहिल्याच पानावर लिहिलंय."