दोरीवरचे कपडे आणि माझा दुसरा देह

या मित्रांनो, जरा पुढे सरकून बसा. माझा आवाज आता बारीक झाला आहे, आणि गोष्ट मात्र मन लावून ऐकण्यासारखी आहे. माझा देह इथेच टेबलावर पडलेला असताना माझा जीव दुसऱ्याच देहात कसा खेळू लागला, ते सांगतो. घाबरू नका, भुताची गोष्ट नाही. देवाच्या दयेची आणि एका स्क्रूची आहे.

मी एक जुना घरगुती संगणक आहे. रबरी बटणांचा, पाटीएवढा. मला स्वतःचा पडदा नव्हता, मला टीव्हीला जोडत. माझी स्मरणशक्ती तर विचारूच नका! वीज गेली की मी कोरा करकरीत. म्हणून मला शिकवलेलं सारं कॅसेटवर भरून ठेवावं लागे. शेजारी ठेवलेला टेप किर्रर्र-चिर्रर्र करू लागला की समजावं, मला आठवू लागलं आहे.

मला या घरात आजोबांनी आणलं. ते बस चालवत. आणलं लेकीसाठी, पण माझा लळा लागला आजीला. तेव्हा ती आजी नव्हती, पण आता सगळे तिला तेच म्हणतात, मीही म्हणतो. दुपारी घर निजलं की ती माझ्यापुढे बसे. पुस्तकात पाहून एकेक ओळ टाईप करी, चुकली की मला म्हणे, "तुझं नाही रे, माझंच चुकलं." इतकं गोड मला कोणी बोललं नाही. तिने माझ्यासाठी एक खेळ लिहिला. दोरीवर कपडे वाळताहेत, पाऊस येतो आहे, भिजण्याआधी ते गोळा करायचे. हरलं की पडद्यावर येई, "परत धुवा."

पुढे नवे संगणक आले. मला कोणी हिणवलं नाही, पण विसरले. एका सूटकेसमध्ये, टेपच्या कुशीत, मी कित्येक वर्षं पडून होतो. आजोबाही देवाघरी गेले.

मग एके दिवशी झाकण उघडलं. वर नातीचा चेहरा. तिच्या हातात पावाच्या तुकड्याएवढं, इवलासा पडदा आणि बटणं असलेलं एक यंत्र होतं. त्यावर लिनक्स नावाची संगणकप्रणाली चालते म्हणे, आणि लिनक्सवर एक प्रोग्रॅम, जो हुबेहूब माझं सोंग घेतो. त्याला एम्युलेटर म्हणतात. माझा वीजपुरवठा जळला होता, म्हणून हा बहुरूपी बोलावला होता. खोटं कशाला बोलू, मला राग आला. मी जिवंत असताना माझी नक्कल!

"यावर माझा खेळ चालेल?" आजीने विचारलं.

"तुझा? आजी, तुला फोटो पाठवता येत नाही."

"नाही येत. खेळ लिहिता यायचा. त्यात एक निळी चादर आहे. ती दोन खेपांत निघते."

नात हसली. आजीही हसली, पण तिचा हात पदराशी चाळा करू लागला. हल्ली ती फार विसरत असे. गॅस बंद केला का, हे पुन्हा पुन्हा पाहून येई. कोणी काही विचारलं तर म्हणे, "माझ्या सांगण्यावर जाऊ नका."

आजीची लेक, म्हणजे नातीची आई, श्रवणयंत्रं दुरुस्त करते. तिने टेप उघडून पुसला, कॅसेट वाचणारं त्याचं डोकं किंचित कललेलं दिसलं, ते मापाने अगदी सरळ केलं. मग टेपची वायर त्या यंत्रात खोचली आणि सूटकेसमधली खेळाची कॅसेट लावली. किर्रर्र-चिर्रर्र. पडद्यावर चूक. पुन्हा लावली, पुन्हा चूक. संध्याकाळपर्यंत तेच.

"जाऊ दे गं," आजी म्हणाली. "नसेलच लिहिला. मला नुसतं वाटत असेल."

मित्रांनो, मी तोंड नसलेला. ओरडून सांगावं तर कसं?

मन रमवायला आजीने त्याच टेपवर आपली आवडती कॅसेट लावली. एक बाई देवाच्या कथा गाऊन सांगते, साथीला झांजा. दोन ओळी ऐकून आजी म्हणाली, "बाईंना आज पडसं झालंय."

नात खुदकन हसली. लेक मात्र ताठ बसली. "आई, ही आधी कशी वाजायची?"

"लख्ख. पहिल्यांदा नव्हती हं. शेजारणीने तिच्या वाकड्या टेपवर भरून दिलेली. मग तुझ्या बाबांनी आपल्या टेपच्या डोक्याचा स्क्रू पिळला, तिच्या टेपशी जुळेपर्यंत."

"आणि खेळ कधी भरलास?"

"त्यानंतरच. टेप काय, एकच तर होता."

लेकीने कपाळावर हात मारला. "म्हणजे आपला टेप वाकडा, खेळही त्याच वाकडेपणात भरलेला. आणि मी शहाणी, सरळ करून बसले."

तिने पेचकस आजीच्या हातात दिला. कथा चालू ठेवली. आजी डोळे मिटून केसाकेसाने स्क्रू फिरवत राहिली. आवाज घोगरा, मग मोकळा, आणि मग झांजा अशा खणखणल्या की नातीने मान वर केली.

"हं. इथेच."

खेळाची कॅसेट लावली. आणि त्या एवढ्याशा यंत्रात माझा जीव शिरला. दोरी आली, कपडे आले, वर इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं आलं, "लिहिणारी: आई."

आजीने यंत्र हातात घेतलं आणि निळी चादर दोन खेपांत काढली. नात पहिल्याच सरीत भिजली.

"परत धुवा," आजी म्हणाली, पडद्याच्या आधी.

त्या रात्री तिने गॅस एकदाच पाहिला. आणि माझा राग? कुठल्या कुठे. जीव एकच असला तर देहावरून भांडण कसलं?

मित्रांनो, एवढंच मागणं. जुन्या वस्तू फेकू नका. आणि एखादी वाकडी दिसली, तर सरळ करण्याआधी विचारा, ही कोणासाठी वाकवली होती? दिवसभर बस चालवून दमलेला एक माणूस, बायकोला कथा नीट ऐकू यावी म्हणून, जेवण बाजूला ठेवून स्क्रू पिळत बसला होता. त्याची तेवढी आठवण ठेवा.